बांधावरची अंडी

मु. पलूस,
ता. ३ सप्टेंबर १९७४, मंगळवार

चि. सौ. शालूबाई हिस थोरला भाऊ नाथाजी याचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही.

रविवारी ओढ्याच्या बांधावर म्हशीसाठी गवत कापत होतो. विळ्याच्या पुढूनच एक बदक फडफडत उडालं. चोचीच्या बुडाशी तांबडा ठिपका आणि टोकाला पिवळा, ते आपलं हळदीकुंकू. बघतो तर पिसं अंथरलेलं घरटं आणि त्यात सात अंडी. आडोशाचं सगळं गवत मी कापून बसलेलो. पाखरू गेलं ते आज तिसऱ्या दिवशीही दिसलं नाही.

धार काढून, डेअरीला दूध घालून मी बांधावर जातो तो दिवस मावळेपर्यंत काठी घेऊन कावळे हाकतो. शेजारचा कोंडीबा म्हणतो, पाखरू सोडून गेलं, त्यात एवढं काय हाय, म्हातारपणी ह्यो नवा उद्योग कशाला. त्याची बायको धोंडुबाई म्हणते, माझी कोंबडी खुडूक बसलीया, तिच्याखाली ठेवा, फकस्त पिल्लांना पवायला तुमी शिकवा.

माणसाचा हात लागला की आई अंडी टाकते, असं आपला बाप म्हणायचा. मग हात लावू का नको? तुझ्या सासरी बदकं पाळतात, तुला कळतं. पोराचं, कृष्णातचं पत्र पलटणीतून महिनाभर नाही, तीही काळजी आहेच. उलट टपाली कळव. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
नाथाजी

मु. पाटण,
ता. ६ सप्टेंबर १९७४, शुक्रवार

ती. दादांस धाकटी बहीण शालू हिचा शि. सा. नमस्कार. वि. वि. कार्ड आजच मिळालं आणि भाकरी तव्यावर ठेवून उत्तर लिहायला बसले आहे. करपली तर तुमच्या नावावर.

दादा, अंड्यांना हात लावू नका. बदक अंडी घालत असतं तेव्हा दिवसभर बसत नाही. पहाटे येतं, एक घालतं, जातं. सगळी घालून झाली की मग बसतं. लांबून मोजा. सातांची आठ झाली तर आई येते आहे असं समजा.

आणि तुम्ही काठी घेऊन घरट्यापाशी बसता, ती राखण की अडवणूक? तुमचं लहानपणापासून असंच. कृष्णातला आठवड्याला तीन कार्डं टाकता, प्रत्येकात तेच, जेवलास का, बरा आहेस का. पोरगं बिचारं उत्तर तरी काय लिहील? जरा लांब व्हा. रागावू नका, अशीच दृष्टी आमच्यावर ठेवा.

तुमची,
शालू

मु. पलूस,
ता. ११ सप्टेंबर १९७४, बुधवार

चि. सौ. शालूबाई हिस आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. मी शनिवारीच अंडी उचलून कोंबडीखाली ठेवली होती. दम धरवला नाही.

उचलताना नऊ भरली. माझी शाळा दुसरीतच सुटलेली, मला वाटलं पहिल्यांदा माझंच मोजणं चुकलं. धोंडुबाई हसली, मीही हसलो. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, मोजणं चुकलं नव्हतं.

काल मंगळवारी धार तशीच ठेवून पहाटे ज्वारीत दडून बसलो. ती आली. घरट्यात मान घालून पिसं वरखाली केली, सगळ्या बाजूंनी चाचपून बघितलं. मग बसली. दिवस कासराभर वर आल्यावर उडून गेली. जाऊन बघतो तर एक अंडं, गरम. शालू, रिकाम्या घरट्यातसुद्धा तिने घातलं गं.

तुला विचारायला वेळ नव्हता. कोंबडीखालची नऊ धोतराच्या सोग्यात घेतली आणि त्या एकाशेजारी नेऊन ठेवली. वर तिचीच पिसं पसरली, कापलेलं गवत उभं करून आडोसा केला. हात लागलेली अंडी ती घेईल का टाकेल, मला माहीत नाही. कोंबडीने मात्र अंडी काढून घेताना माझ्या हाताला टोच मारली, ती अजून ठणकते आहे.

तेव्हापासून बांधाकडे गेलो नाही. म्हशीला कोंडीबाच्या रानातलं गवत आणलं. काठी आढ्याला खोवून ठेवली. कृष्णातलाही या आठवड्यात कार्ड टाकलं नाही.

आज सकाळपासून ओढ्याच्या अंगाला कावळे ओरडत आहेत. मी उंबऱ्यावर बसून हे लिहितो आहे. दोनदा उठलो, दोनदा बसलो. आता पत्र संपत आलं, हाताला दुसरं काम नाही, म्हणून घरातली सगळी नावं घालतो: दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या बदकांनासुद्धा. तुझी माया आहे तशी राहू दे, आणि अंड्यांचं काय झालं ते मात्र विचारू नकोस, विचारलंस तर बघायला जाईन.

तुझा दादा,
नाथाजी