मेट्रो स्टेशनवरचे चाळीस जण

मयूर विहार, दिल्ली

तीर्थस्वरूप दाजींना सुधन्वाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि कुमुदताईचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. (हवा सोडून. ती डोळ्यांना दिसते, म्हणजे ठीक नाही.) फोनच केला असता, पण ताई स्पीकर लावते.

सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी घरात फार दिसू लागलो, म्हणून बायकोनं मला फरीदाबादच्या एका कॉलेजात शिकवायला धाडलं. विषय असा की आकडेवारी कशी वाचावी आणि एआय जबाबदारीनं कसं वापरावं. पहिल्याच तासाला मी सांगून टाकलं, कुणीही काही ठोकून सांगितलं की आधी विचारा, हे कुठून आणलं. (हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे.) मग काम दिलं : मेट्रो स्टेशनवर चाळीस प्रवाशांना वय आणि प्रवासाचा वेळ विचारून आणा.

सव्वीस विद्यार्थ्यांपैकी पंचवीस जणांचे तक्ते लग्नपत्रिकेसारखे देखणे. वयं सत्तावीस, चौतीस, त्रेचाळीस. सकाळी नऊला, दिल्लीत, एकाही प्रवाशानं 'टाइम नहीं है' म्हटलेलं नाही. शिवाय आपल्याकडे वय विचारलं की बहुतेक माणसं तीस, पस्तीस, चाळीस असंच सांगतात. नेमकं चौतीस सांगणारे मी उभ्या नोकरीत मोजकेच पाहिले. हे सगळे प्रवासी एआयनं जन्माला घातले होते. सव्विसावी शिवांजली, इथल्या लष्करी छावणीतल्या एका मराठी सुभेदारांची मुलगी. तिच्याकडे फक्त तेरा जण, तेही चुरगळलेल्या कागदावर, आणि त्यांतल्या एकीनं वय सांगायचं सोडून हिच्याच लग्नाची चौकशी केलेली.

पंचवीस जणांना शून्य देऊन मी भाषण ठोकलं. तक्ता खुशाल एआयकडून करून घ्या, तसं खाली लिहा, पण माणसांना तुम्हीच भेटायला हवं. इथवर ठीक होतं. मग म्हणालो, पस्तीस वर्षांत न पाहिलेल्या घराचा एकही फॉर्म मी भरला नाही. शिवांजली उठून म्हणाली, "सर, बिल्कुल पटलं. पण हे कुठून आणलं?" मी तोऱ्यात साक्षीदार म्हणून तुमचं नाव आणि नंबर दिला. पुढच्या रविवारी ती तुम्हाला फोन करणार आहे.

आपला,
सुधन्वा

ता. क. : काम तुमच्या लक्षात आलंच असेल. अठ्ठ्याऐंशी साली तुमच्या गावची साठ घरं आपण तुमच्या ओसरीवर बसून भरली. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होतो, ताई पोहे आणून देत होती. आपण घरोघरी हिंडलो, एवढंच सांगा. नाहीतर सोमवारी मी कुठल्या तोंडानं वर्गात उभा राहू?

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी शिवांजलीचा कागद पुन्हा पाहिला. तळाशी लिहिलंय, 'बाकीचे सत्तावीस मिळाले नाहीत.' असं वाक्य मी पस्तीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. वाचून लाज वाटली. तिला खरं तेच सांगा, सोमवारी मी बघून घेईन. फक्त तेव्हा तुम्ही स्वतःच्या नावावर लावून घेतलेल्या, गोठ्यात कधीच नसलेल्या दोन म्हशींचा विषय तिनं विचारल्याशिवाय काढू नका. त्या धरून तालुक्याची सरासरी छापून झाली आहे.