विधायकजींचा लंच टाइम

१० नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मंत्री झाल्यावर आत्मचरित्र लिहायचं म्हटलं की शोधाशोध नको. निवडणूक फेब्रुवारीत. तिकीट पक्कंच आहे, प्रश्न फक्त खात्याचा. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला अर्थखातं द्यावं, पशुसंवर्धन देऊ नये. मागच्या वेळी दोन दांडगे इच्छुक आपसात भांडले म्हणून मला आमदारकीचं तिकीट मिळालं, असं गल्लीतले लोक म्हणतात. कुणाचं बरं झालेलं लोकांना बघवत नाही.

१३ नोव्हेंबर
बैठकीच्या खोलीत सकाळपासून गर्दी. जो तो शिफारसपत्र मागतो. मी दोन जामीनदार मागतो. ब्रँच मॅनेजर असताना माझं एकही कर्ज बुडालं नाही, कारण मी कर्ज देतच नसे. तीच शिस्त राजकारणात आणली तर लोक तोंड वाकडं करून जातात.
दोन ते तीन लंच टाइम. दारावर पाटी लावली आहे. बनारसमध्ये पाटी कुणी वाचत नाही, हा इथला मुख्य रोग. ताटकळलेल्यांना शरदिनी मागच्या दाराने स्वयंपाकघरात घेते, चहा पाजते. म्हटलं, बायको म्हणून तुला सांगतो, लोकांना सवय लागेल. ती म्हणाली, तुम्ही झोपा.

१९ नोव्हेंबर
शेजारचे नरहरशास्त्री आले. पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत सीवर, म्हणजे गटार, उफाळलाय, यजमान नाक धरून येतात म्हणे. मी अर्ज तीन प्रतींत मागितला, सोबत फोटो. तर वर मलाच ऐकवून गेले की अहो भैया, पाच साल झाले, फोटोच देतोय.

२३ नोव्हेंबर
सीवर दुरुस्त! मी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता. याला म्हणतात वचक.
नरहरशास्त्री पेढे घेऊन आले आणि शरदिनीच्या हातात देऊन गेले. माझी शुगर त्यांच्या कानावर गेली असणार.

३ डिसेंबर
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे घाटावर जनसंपर्क.

४ डिसेंबर
धुकं.

५ डिसेंबर
धुकं. शिवाय शिंका.

९ डिसेंबर
धुकं नव्हतं, नाइलाज झाला. घाटावर एका मल्लाहाने विचारलं, नौका-विहार करिएगा, बाऊजी? मी ओळख दिली. बराच वेळ विचार करून म्हणाला, अच्छा, शरदिनी भाभी के घर से! परत आलो. जनसंपर्क फार झाला तर पदाची किंमत राहत नाही.

१८ डिसेंबर
आतली बातमी: तिकीट ठरवायला लखनौहून पक्षाचा निरीक्षक येतोय. गुपचूप, साध्या वेशात. शाल इस्त्रीला दिली. भिंतीवरचे फोटो पुसून घेतले.

२१ डिसेंबर
निरीक्षक काही आला नाही. भर लंच टाइमला कुणी मफलरवाला देहाती दार वाजवत होता. पाटीकडे बोट दाखवून दार लावलं.
झोपून उठलो तर हा गृहस्थ आमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ खातोय! शरदिनी त्याला सांगत होती, कुठल्या गल्लीत पाणी चढत नाही, कुठल्या विधवेची पेन्शन अडलीय. मध्येच जलकलच्या, म्हणजे पाणीखात्याच्या, इंजिनियरला फोन लावून, विधायकजी के यहाँ से बोल रही हूँ, म्हणत तिने फैलावर घेतलं. म्हणजे माझं नाव मला न विचारता वापरते! संध्याकाळी जाब विचारला. म्हणाली, विचारलं असतं तर जामीनदार मागितले असते.

१६ जानेवारी
यादी आली. तिकीट आमच्याच घरात आहे. शरदिनीला.
लखनौला फोन केला. तिकडून तोच मफलरवाला बोलला, आधी थालीपिठाची आठवण काढून. निरीक्षक ओझाजी. म्हणाले, दादा, आप तो हमारे मार्गदर्शक हैं.
शरदिनीला सांगितलं, नाही म्हणून कळव. ती भांडी आवरत होती. हात थांबवून म्हणाली, अहो, तुम्हाला मिळालं तेव्हा मला कुणी विचारलं होतं? मला उभं राहायचंय.
फार राग आला. खरं तर रडू आलं. इथे कोण वाचतंय!

१७ जानेवारी
शांतपणे विचार केला. नाव तिचं, कारभार माझा. सह्यांचा त्रास वाचला. ओझाजी वाटतो तेवढा मूर्ख नाही.

१२ फेब्रुवारी
पहिली जाहीर सभा, आमच्याच मोहल्ल्यात. मी मंचावर, दुसऱ्या रांगेत. तिच्यासाठी भाषण मीच लिहिलं होतं, 'विकासाची पाच वर्षं'. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मनाने बोलली. हात जोडून लोकांना म्हणाली, पिछले पाँच साल आप लोगों ने बहुत झेला है, मैं माफी माँगती हूँ.
विरोधकांना चांगलं झोडपतेय, असं वाटून मी जोरात मान डोलावली. मग पाहिलं तर सगळी सभा माझ्याकडे बघत होती. पाच वर्षं आमदार मीच होतो.
टाळ्या थांबेनात. समोर कॅमेरे होते. मीही वाजवल्या.