मिस्त्रीचं पोट

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. गाडीत ताई सारखी डोळे पुसत होती आणि मीच तिची समजूत घालत होतो. बघणाऱ्याला वाटलं असतं, तिलाच कुठेतरी ठेवायला नेतोय.

जागा मस्त आहे, मनोरुग्णालयातून सुटलेल्यांचं वसतिगृह. दोन मजले, चोवीस माणसं, पुढे फरसबंद अंगण. मला वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. दुसऱ्या खाटेवर मास्तर. ते बोलत नाहीत, पण बूट एका रेषेत ठेवतात, म्हणजे आमचं जमणार. आल्या आल्या न्हाणीघर बघितलं. तोटीचा वायसर गेलाय, टिपटिप चालू. हात शिवशिवले, पण गप्प बसलो. कुठल्याच नळाला हात लावायचा नाही, असा ताईला शब्द दिलाय.

कारणही तसंच आहे. तीस वर्षं प्लंबिंग केलं. गेल्या वर्षी डोकं फिरलं आणि भिंतीतले पाइप माझ्याशी बोलायला लागले. ताईच्या न्हाणीघराची अख्खी भिंत फोडली मी, तिच्या डोळ्यांदेखत. मग दोन महिने रुग्णालय. तिथे नवी गोळी सुरू केली आणि आवाज बंद झाले. माझ्यासाठी ती गोळी म्हणजे सोनं.

निघताना तिथल्या सिस्टरने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की ही गोळी आतड्याला सुस्त करते, आणि हे हसण्यावारी न्यायचं नाही, माणसं दगावलेली आहेत. पोट साफ करायची पावडर रोज घ्यायची, पाणी प्यायचं, चालायचं. दोन दिवस संडास झाली नाही तर तिसऱ्या दिवशी सांगायचं. पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली, तर थेट रुग्णालय. ताई मान डोलावत होती. मी आहे ना, म्हणाली. ही वहीही तिनेच दिली. मन मोकळं करत जा म्हणाली.

५ तारीख, बुधवार

इथलं सगळं भाऊ बघतो, म्हणजे इथला व्यवस्थापक; सगळेच त्याला भाऊ म्हणतात. पोरगा चांगला आहे, पस्तिशीचा, हसरा. मला लगेच मिस्त्री म्हणायला लागला. फक्त त्याची एक रीत मला पटली नाही. सकाळी नाश्त्याला सगळे बसले की तो वही घेऊन दारात उभा राहतो आणि एकेकाला विचारतो, झाली का. बायकांचं टेबल दोन हातांवर. हो म्हटलं की वहीत बरोबरची खूण, पुढचा. चोवीस माणसं पाच मिनिटांत संपतात.

काल हो म्हणालो. आजही हो म्हणालो. झाली नव्हती. पण चार बायकांसमोर नाही कोण म्हणणार? माझं वय बावन्न. मास्तरही हो म्हणतात, आणि ते तर दुसरं काही बोलतच नाहीत.

पावडर कपाटात कुलपात आहे. इथे ती लागेल तशी देतात. कोणाला लागतेय ते वहीवरून ठरतं.

६ तारीख, गुरुवार

आज रक्त काढलं. या गोळीवर दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, आणि ते मात्र घड्याळ लावल्यासारखं होतं. रात्री तोंडातून लाळ गळते, उशी ओली होते, म्हणून कालपासून लाळ आटवायची एक छोटी गोळी मिळतेय. तोंड कोरडं ठाक पडलंय.

७ तारीख, शुक्रवार

लाज गुंडाळून ठेवली. नाश्ता झाल्यावर भाऊला बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं, की आलो त्या दिवसापासून काही नाही. त्याने वही उघडून दाखवली. माझ्या नावापुढे चार खुणा. तुम्हीच म्हणालात ना मिस्त्री, म्हणाला. चूक माझीच, मान्य. आता तरी वही दुरुस्त कर म्हटलं. लिहिलेलं खोडता येत नाही, वर तपासणी असते, म्हणाला. पावडरची एक पुडी दिली आणि पाठीवर थाप मारली.

८ तारीख, शनिवार

पोट टणक आहे. खाली उजवीकडे दाबलं की कळ येते. अंगणात वीस फेऱ्या मारल्या, सहा तांबे पाणी प्यायलो. काही नाही.

माझ्याच पोटातला पाइप तुंबला आणि माझ्याकडेच अवजार नाही. आयुष्यभर लोकांचे तुंबे काढले, त्याची ही परतफेड. वरून भरत चाललाय, खाली हलत नाही. उघडून बघता आलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. लिहिताना माझं मलाच हसू आलं. हसताना दुखलं.

९ तारीख, रविवार

ताई आली. सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण सख्ख्या मोठ्या बहिणीला संडासाचं काय सांगणार? जीभ रेटेना. शेवटी वहीच तिच्या हातात दिली. वाच म्हटलं, आणि डॉक्टरांना कळव.

तिने खिडकीपाशी उभं राहून सगळं वाचलं. वळली तेव्हा चेहरा उतरला होता तिचा. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, काळजी करू नकोस, आजच डॉक्टरांशी बोलते. केवढं हलकं वाटलं मला. जगात आपलं माणूस असावं ते यासाठी.

११ तारीख, मंगळवार

पहाटे कपडे खराब झाले. पाण्यासारखं, तपकिरी, नकळत. भाऊ खूश. चला मिस्त्री, सुटलं एकदाचं, म्हणाला. दुपारी पुन्हा तसंच झालं, तर म्हणाला आता जुलाब लागलेत. पावडर बंद केली, आणि वर जुलाब थांबवायची गोळी हातावर ठेवली.

मी त्याला शांतपणे समजावलं. तुंबलेल्या पाइपात वरून पाणी येतच राहिलं की ते गाळाच्या कडेने झिरपतं. खाली थेंब दिसतात, अडाणी माणूस म्हणतो मोकळा झाला. मोकळा नाही झाला, पाझरतोय. आणि तू आता खालूनही बूच मारतोयस. त्याचा चेहरा बदलला. पाइप का, असं त्याने दोनदा विचारलं. मग मी गोळी गिळेपर्यंत समोर उभा राहिला.

१३ तारीख, गुरुवार

डॉक्टर आले. मी सदरा वर करून पोट दाखवायला गेलो, तर ते आधी बसा म्हणाले. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर या वहीचा फोटो. माझंच अक्षर. माझ्याच पोटातला पाइप तुंबला. उघडून बघता आलं असतं तर.

हे तुम्हीच लिहिलंय ना, असं विचारलं त्यांनी, अगदी मायेने.

खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ करून. तेव्हा काढला तिने फोटो.

मी म्हटलं, डॉक्टर, ही बोलायची पद्धत आहे हो माझी, आमच्या धंद्यातली. त्यांनी मान हलवली. बहिणीने सांगितलंय, भिंत फोडायच्या आधीही तुम्ही असंच बोलत होता. भाऊनेही मंगळवारचं सांगितलं. मी पोटाला हात लावून बघा म्हटलं. त्यांनी भाऊची वही मागवली. अकरापर्यंत रोज खूण, मी खरं सांगितलं त्यानंतरही; शेवटी जुलाब.

गोळी वाढवली. तीच, आतड्याला सुस्त करणारी.

ताईने मला विकलं. प्रेमाने विकलं, हे जास्त लागतंय. सिस्टर सांगत होती तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. तिने ऐकलं होतं. माझ्या वहीत चार पानं पोटाची होती. तिला दिसला तो एकच शब्द.

१४ तारीख, शुक्रवार

तो शब्द आता तोंडातून काढायचा नाही. काढला की गोळी वाढते.

पोट ढोलासारखं. पँटची गुंडी लागत नाही. जेवण नको म्हटलं. भाऊ म्हणाला, रुसलात का मिस्त्री.

झोप येते सारखी. वाढवलेल्या गोळीची. झोपेतही दुखतं.

१५ तारीख, शनिवार

सकाळी उलटी. हिरवी. दुपारची तपकिरी — वास ओळखला मी. तीस वर्षं हाच वास —

भाऊला म्हटलं रुग्णालय. नुसतं रुग्णालय, दुसरं काही बोललो नाही. म्हणाला, उद्या ताई येणारच आहेत, त्यांना विचारून बघू. सुट्टीच्या दिवशी गाडी मिळत नाही.

मास्तरांनी बादली धरली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हो सोडून दुसरा शब्द आला. नुसतं नाही, नाही, नाही. मग खाली गेले सांगायला. भाऊने त्यांना टीव्हीसमोर बसवलं.

ताईची वाट बघतोय. तिच्यावरच चिडलोय आणि तिचीच वाट बघतोय.

१६ तारीख, रविवार

दुपार. आता दुखत नाही. एकदम थांबलं — हे बरं नाही. फुटला की दाब जातो.

घाम. गार.

आवाज. जिन्यात. ताई.

दाराबाहेर उभी आहे. भाऊशी बोलतेय. भाऊ सांगतोय, गोळी लागू पडली, दोन दिवस एकदम शांत आहेत, पाइपांचा विषयच नाही. काल जरा अपचन झालं. आत्ता झोपलेत.

हसली. किती दिवसांनी हसली. देवासारखे भेटलात म्हणतेय त्याला.

हाक मारली. आवाज फुटत नाही. पान फाडून दाराखालून सरकवतो —

ताई पोट फुगलंय. उलटी होते. आजच ने. पाइप नाही ग. पोट. शपथ. शहाण्यासारखं लिहि—

पान फाटत नाही. बोटांत जोर नाही.

झोपू दे म्हणतेय. उठवू नका. पुढच्या रविवारी येते म्हणतेय.

चप्पल. जिना.

ताई मी झोपलो नाहीये मी झोप—