भूर्जावरचा पतंग

१० एप्रिल

चि. भुंग्यास अ. उ. आ.

तुझ्या काकांच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यानंतर फारसं दिसणार नाही. त्यावर ह्यांना चिंता कसली, तर दारच्या भूर्जाच्या झाडावर दर वसंतात दुपारच्या उन्हात येणाऱ्या पतंगांची! तांदळाएवढे, सोनेरी-जांभळे. त्यांचं नाव कळायलाच हवं म्हणतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, बारीक बघायची खोड जाते कुठे? तू संग्रहालयात दिवसभर किडेच बघतोस, एकदा इकडेही येऊन बघ. फोटो सोबत आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

१४ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून गलबलून आलं. फोटोवरून दोन जाती संभवतात, बाहेरून अगदी सारख्या. पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. इथे प्रदर्शनाची धांदल आहे, रजा कठीण. एक पकडून डबीत घाल, फ्रीजरमध्ये ठेव आणि मग पाठव.

लोभ आहेच, रागावू नये.
भुंगा

१९ एप्रिल

चि. भुंग्यास अ. उ. आ.

हे साफ नाही म्हणाले. नावापायी जीव घ्यायचा, तर बिननावाचाच बरा म्हणे. पण तुझं काही कळलं का, हे रोज विचारतात. शेवटी ते झोपलेले बघून मी एक धरला. डबी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, आज पाठवते आहे. त्यांना सांगितलंय, खिडकीत मेलेला सापडला.

मावशी

२७ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जात ओळखली. दोन्हींतली दुर्मीळ निघाली. मादी होती, पोटात अंडी होती. असे पतंग आपोआप मरून झाडाखाली पडतात. मी आलो असतो तर तसा एखादा शोधला असता. तुला ते सुचवलंही नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे. मराठीत हिला नाव नाही. काकांनीच ठेवावं. मेच्या दुसऱ्या शनिवारी येतो.

तुझा अपराधी,
भुंगा

२ मे

चि. भुंग्यास अ. उ. आ.

ह्यांनी नाव ठेवलं ‘भाचा’. वर्षातून एकदाच तोंड दाखवतो म्हणून! खूप दिवसांनी हसले.

डोळ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीचीही वाट पाहिली नाही. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. दुपारी झाडाकडे तोंड करून बसतात आणि विचारतात, आले का? मी हो म्हणते. डबी पाठवल्यापासून मला एकही दिसलेला नाही. पूर्वी मी खोटं बोलले की ते माझ्या चेहऱ्यावरून लगेच ओळखायचे. आता खुशाल जमतं, आणि तेच सोसत नाही.

ठरलेल्या शनिवारी सकाळच्याच गाडीने ये.

मावशी