बाटल्यांचं कासव

२१ एप्रिल
प्राचार्यांनी मला ग्रीन कॅम्पसचा समन्वयक केलं. पंधरा मेला विद्यापीठाची पाहणी समिती येणार. "ती खूश झाली तर तुमच्या फुलटाइमचं बघू," म्हणाले. सहा वर्षं तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवतोय. शेवटी गुणांची कदर झाली. स्टाफरूममधल्या भक्ती मॅडम म्हणतात, दुसरं कुणी तयार नव्हतं. मत्सर.

लगेच परिपत्रक काढलं: कॅम्पसवर प्लास्टिकच्या बाटलीला बंदी. एक प्रत कँटीनच्या भिंतीवर स्वतः चिकटवली. कँटीनवाल्या इरशादने विचारलं, "सर, मगे तुमच्या हातात काय आसा?"
ती शेवटची होती.

२४ एप्रिल
बंदी शंभर टक्के यशस्वी.
रात्री झोप नाही. समितीला डोळ्यांनी काहीतरी दिसायला हवं. पहाटे सुचलं: गेटजवळ टाकाऊ बाटल्यांचं दहा फुटी कासव! बाबली वेल्डरला जाळीचा सांगाडा करायला सांगितला.

२६ एप्रिल
अख्खा कॅम्पस फिरलो. एक बाटली सापडत नाही. अशाने पर्यावरणाचं काम करायचं कसं?

२८ एप्रिल
परीक्षा चालू आहेत, ऊन फार. माणुसकी म्हणून बंदी शिथिल. रिकामी बाटली माझ्याकडे जमा करायची, एवढीच अट.

३ मे
तीन पोती झाली. सगळ्या मी स्वतः धुतल्या. वेग वाढावा म्हणून मीही दिवसाला आठ-दहा विकत घेऊन पितोय. रात्री सारखं उठावं लागतं. त्याग.

५ मे
कँटीनमागे इरशाद रतांबे, म्हणजे कोकमाची फळं फोडून त्यांच्या रसाचं आगळ घालतोय. शेजारीच माझी पोती! सगळ्या स्टाफसमोर ताकीद दिली: माझ्या बाटल्यांना हात लावायचा नाही. तो म्हणाला, "आमचा आगळ काचेच्या बरणीत, सर. तुमच्या रिकाम्या बाटल्यांनी माजा प्वाट भरतला काय?" सगळे हसले. उद्धटपणा.
पोती रिक्षात घालून घरी आणली, मागच्या पडवीत ठेवली. घरासारखी सुरक्षित जागा नाही.

९ मे
बायकोचे, सारिकाचे भाऊ-वहिनी मुंबईहून आलेत, सोबत शेजारपाजारचे चाकरमानी. घरात गोंगाट. परसात रतांब्यांचा ढीग, आंबट वास. मी खोलीचं दार लावून भाषण लिहिलं: 'कासवच का?' चार पानं झाली.

१३ मे
मंडळी सकाळच्या गाडीने गेली. पोती आणायला पडवीत गेलो. तिन्ही पोती व्यवस्थित घडी घालून ठेवलेली.
सारिकाला विचारलं. म्हणाली, "माका काय म्हायत तुमचा कासव! बऱ्यो धुतलेल्यो बाटल्यो गावल्यो, आगळ घातलंय नि भावाक दिलंय. शेजाऱ्यांकव दिलंय. तुमी कधी नाय ता घरातला काम केल्यात म्हणान खूश झाल्लंय."
कासव आता दादर, डोंबिवली आणि विरारला आहे.
इरशादचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. पित्त असावं.

१५ मे
पाहणी झाली. अध्यक्षांनी गेटजवळ थांबून विचारलं, हा पिंजरा कसला? मी भाषण उघडेपर्यंत प्राचार्य म्हणाले, "कँटीनच्या कोंबड्यांचा."
समिती पुढे गेली.

२२ मे
पुढच्या वर्षीही तासिका तत्त्वावरच. एका अर्थी बरं, फुलटाइममध्ये लेखनाला वेळ मिळत नाही. समन्वयक भक्ती मॅडम. बिचाऱ्या.

२३ मे
इरशादकडे गेलो. माफी मागायचीच, असं घरून ठरवून निघालो होतो. त्यानेच आधी विचारलं, "सर, तो पिंजरो माका देतलात काय? खरंच कोंबड्यो ठेवतंय."
दिला. पुनर्वापर माझ्याच कारकिर्दीत झाला, हे नोंदवून ठेवतो.
मग माफीसाठी तोंड उघडलं, तर घसा कोरडा. आधी गार पाण्याची एक बाटली मागितली.
इरशादने भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं आणि स्टीलचा पेला भरून पुढे ठेवला.
पाणी प्यायलो. माफी उद्या.
परिपत्रकाखालची सही मात्र छान आली आहे.