किल्ल्यातला वाडगा आणि आजीची ताटली

प्रिय आई,

आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार. तेत्सुजीदादा रोज तेल लावून देतो ना? इथे दक्षिणेत अजून थंडी नाही आणि खोदकामावर जेवणही पोटभर मिळतं, तेव्हा काळजी करू नकोस.

परवा गंमतच झाली! किल्ल्याच्या पडक्या स्वयंपाकघरामागे खणताना माझ्या खुरपीला फिकट हिरवा वाडगा लागला. चीनहून आलेला, पाचशे वर्षांपूर्वीचा, फार दुर्मीळ. फुटलेला होता, पण अकराच्या अकरा तुकडे एका खड्ड्यात नीट रचून ठेवलेले. आमचे खोदकामप्रमुख मोरिवाकी सर चिखलातच नाचले.

मग डोकं खाजवत म्हणाले, "फुटकं भांडं फेकून द्यायचं सोडून इतकं जपून कोण पुरेल?"

मी म्हटलं, "जिच्या हातून फुटलं ती! मालकिणीच्या धाकाने."

"तुम्हाला हो कसं माहीत, नाओएबाई?"

मी नुसती हसले. तुला मात्र सांगते. आजीची सारस पक्ष्यांची ताटली दादाने नाही, मी फोडली. त्या नववर्षाला शिक्षा म्हणून तू त्याला तांदळाची मऊ मोची खायला दिली नाहीस, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. आणि तू अजून त्याला 'ताटलीफोड्या' म्हणतेस!

सर म्हणतात, सगळे तुकडे असले की भांडं जोडता येतं. दादाला आपल्या विहिरीच्या उगवतीला वीतभर खोल खणायला सांग. सातही तुकडे तिथेच आहेत.

आणि यंदा माझ्या वाटची मोची दादाला दे.

तुझी खरी ताटलीफोडी,
नाओए