शनिवारी गाडी आणायची की नाही

प्रिय खारूताई,

अक्षर आईचं आहे आणि बोलणं माझं. असं का, ते योग्य वेळी सांगेन, आत्ताच विचारात पडू नकोस. आईने अट घातली आहे. मी सांगेन ते ती लिहील, पण मी थापा मारायला लागलो की कंसात आपलं मत नोंदवेल. आपल्या संसारात हा कंस कुठून आला, असं मी विचारलं. तर म्हणते, पहिल्यापासून होताच, तुमचं लक्ष नव्हतं. आता बोल!

तुझं पत्र मिळालं. मी ते मेंढवाड्याच्या दारातच उभ्याने वाचलं, मग आईने वाचलं, मग आम्ही दोघांनी एकमेकांना पुन्हा वाचून दाखवलं. शिबिर सोडून घरी यायचं म्हणतेस. शनिवारी गाडी घेऊन या, मी बॅग भरून फाटकापाशी उभी राहते, असं लिहिलंस. शेतकरी संघाच्या तीन महिन्यांच्या शिबिरातला निम्मा काळही झालेला नाही आणि शनिवारीच तर तुझी पाळी आहे, संघाच्या लोकांसमोर आपली योजना मांडायची. सगळ्यांनी मिळून वापरायची लोकर-कातरणीची शेड. वर्षभर तू जेवताना त्याच शेडबद्दल बोलत होतीस. घास हातात आणि शेड डोक्यात. संघाला योजना पटली तर त्यांचं रिकामं गोदाम वर्षभरासाठी तुझ्या ताब्यात येणार आणि सगळ्यांच्या मेंढ्यांची कातरणी तुझ्या देखरेखीखाली होणार. शिबिर अर्धवट सोडलं तर ते पुन्हा घेत नाहीत, हेही तूच आम्हाला जाताना सांगितलं होतंस. हे सगळं तुला माहीत असताना मी पुन्हा कशाला सांगतोय? आई म्हणते, मुद्द्यावर या.

मुद्दा असा, की इकडे सगळं झकास चाललं आहे. मेंढ्या ठणठणीत आहेत. मागच्या आठवड्यात जुळी कोकरं झाली, दोन्ही मादी. त्यातली एक अशी काही आगाऊ आहे की आपल्या आईला सोडून कुत्र्याच्या मागे फिरते. साहेब आधी चिडले, गुरगुरले, आता तिच्याशेजारी झोपतात. (आता कुत्र्यालाही अहो-जाहो. मला मात्र अगं ऐक. — आई) पाण्याच्या हौदाची गळती थांबली. कुंपणाचा वरच्या अंगाचा खांब वाकला होता तो सरळ केला. गवत यंदा बरं आहे, पावसाने फार छळलं नाही. आपला मेंढा पैलवान नेहमीप्रमाणे माजात आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. एकूण काय, तुझ्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. (हे खोटं आहे. — आई)

बरं, अडलंय थोडंसं. संध्याकाळी कळप आत घेताना तू गुणगुणायचीस, ते आता कुणी गुणगुणत नाही. मी एकदा प्रयत्न केला. मेंढ्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

तुझ्या पत्रातला तो फाटकांचा प्रसंग वाचताना मी हसलो, हे तुला सांगून टाकतो, कारण नाहीतर आई कंसात लिहिणारच आहे. तुमच्या शिबिराच्या बाईंनी तुझ्या हाती एक गट दिला आणि एक कळप. तीन फाटकांतून कळप पलीकडच्या कुरणात न्यायचा, म्होरक्या तू. गटात कोण, तर एक कोंबड्यावाला, एक संत्र्यांच्या बागेची मालकीण, दोघं दूधवाले, आणखी कोणकोण. मेंढीला शेपूट कुठल्या बाजूला असतं हे ज्यांना दुरून सांगता येणार नाही अशी मंडळी. आणि तू काय केलंस? शीळ घातलीस, धावलीस, पहिलं फाटक उघडलंस, वळसा घालून मागे आलीस, दुसरं उघडलंस, कळप ढकललास, तिसरं लावून घेतलंस. बाकीचे हात बांधून उभे. तुला वाटलं, आता टाळ्या पडणार. आणि बाईंनी त्या कोंबड्यावाल्याला विचारलं, की कळपात आधी कुठली मेंढी हलते. त्याला सांगता येईना. बागवालीला येईना. कुणालाच येईना. मग बाई म्हणाल्या, की मेंढ्या आत गेल्या, माणसं बाहेरच राहिली. आणि सगळे हसले.

त्या हसण्याने तुला किती लागलं ते मला कळलं. तुझं अक्षर तिथे बदललं आहे, पेन कागदात रुतलं आहे. मी तुझा बाप आहे, मला एवढं वाचता येतं. लहानपणी पशुमेळ्यात तू कोकरू घेऊन रिंगणात गेली होतीस तेव्हाही लोक असेच हसले होते. कोकरू मधोमध बसलं, ते काही केल्या उठेना, तर तू पण त्याच्या शेजारी मांडी घालून बसलीस. परीक्षक येऊन गेले, दुसरी मुलं येऊन गेली, तुम्ही दोघं बसलेली. मी कुंपणाबाहेर लाजेने लाल झालो होतो आणि आई मात्र कौतुकाने शेजारच्या बाईला सांगत होती, की ती बसलीय ना, ती आमची.

पण खारूताई, मी हसलो ते तुला नाही. मी हसलो कारण तुझ्या पत्रात मला सगळीकडे मीच दिसत होतो. हे एकट्याने धावायचं वेड तुला शिबिरात लागलेलं नाही, ते घरून नेलं आहेस, माझ्याकडून, नाकासारखं. आणि आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायची नाही असं मी ठरवलं होतं आणि सांगायचीच असं आईने ठरवलं होतं. वाचून लगेच बॅग भरायला घेऊ नकोस. शेवटपर्यंत वाच.

तू गेल्यावर पुढच्याच आठवड्यात मी गव्हाणीत वाकून खुराक टाकत होतो. पैलवान माझ्या मागे होता, हे मला माहीत होतं. तो बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या मागे असतोच. त्याने मागून अशी धडक दिली की मी गव्हाणीवरून पलीकडे. उजवं मनगट मोडलं. आता कोपरापर्यंत प्लॅस्टर आहे, म्हणून हे अक्षर आईचं. दुखत फारसं नाही. (रात्री कण्हतात. — आई) डॉक्टरांनी हाताला काही लावायचं नाही असं बजावलं, आणि इथेच खरी गंमत सुरू झाली. त्याच आठवड्यात कळप वरच्या कुरणावर न्यायचा होता. एवढ्या वर्षांत ते काम तुझ्या आणि माझ्याशिवाय कुणी केलेलं नाही. तू तिकडे, मी असा.

मग आई, आपले कातरणीवाले काका आणि शेजारची नवी सून, अशी फौज जमली. काका म्हणजे तुला ठाऊकच आहे, उताण्या पडलेल्या मेंढीचं त्यांना सगळं कळतं, पण ती उभी राहिली की ते घाबरतात. सून शिवणकाम करते, मदतीला धावून आली बिचारी. मी घमेलं उपडं घालून त्यावर बसलो आणि फर्मानं सोडू लागलो. डावीकडून या. तुमची डावी नव्हे, मेंढ्यांची डावी. फाटक उघडा, आत्ता नको, आता, अहो आता! मी असा काही ओरडत होतो की साहेब गोंधळून मलाच हाकायला लागले. कळपाने थोडा वेळ आमचा तमाशा पाहिला आणि मग शिस्तीत, रांगेने, आईच्या भाजीच्या वाफ्यात गेला. सगळा मटार खाल्ला. शेंडासुद्धा ठेवला नाही.

आईने काय केलं असेल? माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि घरात जा म्हणाली. मोठ्याने म्हणाली नाही. त्यामुळे मी गेलो. खिडकीतून बघत होतो. तिने दोघांना जवळ बोलावलं, चहा दिला, आणि नुसतं त्या काळ्या कानाच्या म्हाताऱ्या मेंढीकडे बोट दाखवलं. तिच्यावर लक्ष ठेवा, ती हलली की सगळ्या हलतील, एवढंच. मग काकांना फाटकापाशी उभं केलं, सुनेला खालच्या वळणावर, आणि स्वतः मागे अशी चालत राहिली जशी काही फिरायला निघाली आहे. वेळ लागला. मी एकट्याने केलं असतं त्याच्या तिप्पट लागला. मध्ये दोन मेंढ्या भलतीकडे गेल्या, सुनेने त्यांना ओढणी हलवून वळवलं आणि स्वतःच एवढी खूश झाली की तिथेच उडी मारली. पण कळप वर पोचला. खिडकीत मला आधी राग आला, मग थोडं वाईट वाटलं, मग कधी डोळा लागला ते कळलंच नाही. भर दुपारी, खुर्चीत. इतकी वर्षं मेंढ्या पाळतोय, पण कळप हलवायच्या दिवशी मी झोपलोय असं कधी झालेलं नाही. फार छान झोप लागली.

त्यानंतर दोनदा कळप हलवला. मी बाहेर बसतो, तोंडात काडी धरतो, म्हणजे बोलता येत नाही. हे फार अवघड आहे, मनगटापेक्षा अवघड. चूक डोळ्यांना दिसते, जीभ वळवळते, आणि गप्प बसायचं. पण आता काकांना उभी मेंढी कळते. आणि सून परवा आपणहून सांगत होती, की त्या काळ्या कानाचीला आज चालायचं नाहीये, पाय बघा तिचा. मी पाहिला. खुराला जखम होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं. पशुवैद्य बाईंनी येऊन मलमपट्टी केली. त्या उद्या तुमच्या शिबिरात लसीकरणावर बोलायला येणार आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतो आहे. फोन काढून घेणाऱ्या शिबिरात दुसरा इलाज नाही.

आईचं म्हणणं असं, की मी आता तुला सरळ बजावावं, की शिबिर सोडायचं नाही, शनिवारी उभी राहा आणि बोल. तिच्या मते बापाने एवढं तरी सांगायला हवं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू म्हणजे नाही. मग तिने पेन टेबलावर ठेवलं आणि कोकरांना बाटली पाजायला निघून गेली. रागावलेली नाही, पण बाटल्यांचा आवाज जरा जास्तच होतो आहे.

तेव्हा तिथपासूनचं हे शेवटचं मी स्वतः लिहितो आहे, डाव्या हाताने. ओळी उतरणीला लागल्यात, सांभाळून घे. शनिवारी मी येतो आहे. बोलावलंस म्हणून येतो आहे, त्यात बदल नाही. पशुवैद्य बाईंना शनिवारचंही निमंत्रण आहे, त्यांच्या गाडीत बसून येईन. फाटकाबाहेर थांबेन. बॅग घेऊन बाहेर आलीस तर बॅग मी घेईन, घरी जाऊ, आणि वाटेत एका शब्दाने विचारणार नाही. आईलाही विचारू देणार नाही, तिला कसं थोपवायचं ते माझं मी बघतो. बाहेर आली नाहीस तर मी आत येऊन मागच्या रांगेत बसेन. तू जा किंवा राहा, असं मी सांगणार नाही, ठरवायचं तुझं तू. पण माझ्या मनात काय आहे ते तुला न सांगता फाटकाबाहेर उभं राहणं मला जमणार नाही. तू बाहेर येऊ नयेस, असं मला फार फार वाटतं. आणि आलीस, तर तुला बघून मला आनंदच होणार आहे. ही माझी पंचाईत तुला आधी कळावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझाच,
बाबा